गहिनीनाथची दुनळी

गहिनीनाथ बंदुकीला घाबरायचा. ज्याचं पोटच बंदुकीवर आहे अशा माणसाबद्दल हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं. बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या गेटवर तो दुनळी खांद्याला लावून उभा असे. कारखान्याचं नाव नको, उगाच कशाला वादाला तोंड फोडायचं. सहा फूट उंची, कानापर्यंत गेलेल्या मिशा, अंगात खाकी. उसाच्या गाड्या घेऊन येणारे ड्रायव्हर त्याला पाहून आपोआप बिडी विझवायचे. आणि हा गडी मनातल्या मनात गहिनीनाथबाबांचं नाव घेत असायचा, की आज ही बया खांद्यावरून खाली घ्यायची वेळ न येवो.

तो मूळचा युसूफ वडगावचा. लग्न झालं त्या सालापासून बायको बायनाबाईला घेऊन तो ऊसतोडीला जात होता. दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी टाकायची आणि पश्चिमेकडच्या कारखान्यांचा रस्ता धरायचा. तोडणीच्या धंद्यात मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी फारसं विचारत नाही. पुढे बायनाबाईच्या पोटात दुखायला लागलं, डॉक्टरनं पिशवी काढली आणि ओझं उचललंस तर मरशील असं तोंडावर सांगितलं. तरी त्यानंतर एक सीझन तिनं ओढलाच. त्या सीझनला मोळी घेऊन ती उसाच्या फडात कोसळली, तेव्हा गहिनीनाथनं तिला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आणलं होतं. ते ओझं तो कधी विसरला नाही.

म्हणून तो चेअरमन अर्जुनरावांच्या पाया पडला. अर्जुनरावांनी त्याची उंची पाहिली, मिशा पाहिल्या आणि म्हणाले, "गेटवर शोभशील." एवढ्यावर नोकरी लागली. बंदूक कारखान्याची, परवान्यावर राखणदार म्हणून याचं नाव. बीडच्या मैदानावर शिकायला पाठवलं, तिथं त्यानं डोळे गच्च मिटून एक बार काढला. खांदा सुजला आणि कानात भुंगा शिरावा तसा आवाज दोन दिवस घुमत राहिला. त्यानंतर आजतागायत त्या बंदुकीनं तोंड उघडलं नव्हतं. काडतुसं ऑफिसच्या कपाटात कुलपात असायची, आणि ती तिथं आहेत यावरच गहिनीनाथला शांत झोप लागायची.

बायनाबाईला मात्र दुनळीचं भारी कौतुक. या बंदुकीनं तिच्या डोक्यावरची मोळी उतरवली होती. दर खंडेनवमीला ती माळ्यावरचा जुना कोयता खाली काढायची, धुऊनपुसून पाटावर ठेवायची आणि शेजारी बंदूक. दोघांना हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. दस्त्यावर कोणत्याशा कारखान्याचा छाप होता, पण दरवर्षीच्या हळदीनं तो इतका बुजला होता की बंदूक कुठली हे आता देवालाच ठाऊक.

दोन हजार पंधराचा दसरा आला तो कोरडा ठाक. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, शिवारात ऊस नाही. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटायचा, मग एक दिवस चेअरमन ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत पहिली मोळी टाकायचे, भोंगा व्हायचा आणि सीझन सुरू व्हायचा. त्या वर्षी बॉयलर पेटला नाही. गव्हाणीचं तोंड तसंच आ वासून राहिलं आणि त्यात चिमण्यांनी घरटी केली. खंडेनवमीच्या सकाळी बायनाबाईनं पूजा मांडली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी आपट्याची पानं घिऊन या." तो पानं घेऊन आला तोवर पूजा उरकली होती. दुनळीच्या तोंडावर नेहमीसारखी कापडी टोपी चढवलेली होती. गहिनीनाथनं नमस्कार केला आणि बंदूक खांद्याला लावून बंद कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहिला.

बंद कारखान्यात माणसाला दुसरं काम काय? बोलणं. टाइमकीपर धोंडीरामकडं टाइम भरपूर होता आणि कीप करण्यासारखं काहीच नव्हतं. तो रोज गेटवरच्या लिंबाखाली मोबाइल घेऊन बसायचा. इकडं बीड जिल्ह्यात कोणत्या कारखान्याचं किती गाळप झालं यावर माणसं हातघाईवर येतात. त्या साली गाळपच नाही, तर भांडायचं कशावर? मग एके दिवशी विषय निघाला तो थेट बंदुकांच्या कारखान्यांवर गेला.

"सांग बे, जगात सगळ्यात जास्ती बंदुका कोन काढतंय?" गहिनीनाथनं विचारलं.

धोंडीरामनं बराच वेळ बोटानं मोबाइल घासला. "तसं एका शब्दात न्हाई सांगता येत. एका जातीची म्हनशील तर रशियाची ती कलाश्निकोव्ह. त्या जातीच्या आजवर धा कोटीच्या आसपास निघाल्या असतील म्हनतेत."

"एकाच कारखान्यात?"

"न्हाई बे. नमुना रशियाचा, पन लई देशांनी आपापले कारखाने टाकले."

"म्हंजी बेनं एक आन ऊस सगळ्या शिवारात."

"तसंच. आता कंपनी म्हनशील तर अमेरिकेत दोन हायत. एक रुगर, दुसरी स्मिथ अँड वेसन. वर कोन, खाली कोन, ह्यावरून दोघींची चढाओढ. एकेकीच्या वर्साला धा लाखाच्या वर बंदुका निघतेत."

गहिनीनाथनं डोळे विस्फारले. "गाळप किती म्हयन्याचं त्यांचं?"

"बारमाही."

"पट्टाच पडत न्हाई? सीझन सपतच न्हाई?"

"कावून पडंल? त्यास्नी काय पाऊस लागतो का पानी? उलटं हितं लिवलंय, मानसं भ्याली की खप वाढतो म्हनं." धोंडीरामनं मोबाइल पुन्हा वर सारला. "इटलीत एक घरानं हाय, बेरेटा. पाचशे वर्सं होत आली, त्योच धंदा. अमेरिकेतल्या दोघींच्या मानानं माल कमी, पर नाव मोठं. आन आपल्याकडं सरकारी कारखाने. इच्छापूर, कानपूर, तिकडं खाली तामिळनाडूत. किती काढतेत ते मात्र हितं सापडंना."

"सहकारी एकबी न्हाई?"

धोंडीराम खो खो हसला. "बंदुकीचा सहकारी कारखाना! मग चेअरमनकीच्या इलेक्शनला काय बघायचं?"

गहिनीनाथ हसला नाही. तो खांद्यावरच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "धोंडीराम, येवढ्या बंदुका दरसाल निघतेत, त्या काय नुसत्या पुजायला व्हय? हरेक बंदुकीला दोन मानसं लागत्यात बघ. एक मागं, एक म्होरं. म्हंजी त्याचाबी एक कोयताच झाला."

"तू लई इचार करतूस," धोंडीराम म्हणाला आणि दुसरं काहीतरी बघायला लागला.

गहिनीनाथच्या डोक्यातून मात्र ते जाईना. एवढे दिवस त्याला वाटायचं, आपली दुनळी म्हणजे गेटावरची कमान, दिसायला असते. आता त्याला वाटायला लागलं की तीही त्या लाखांतलीच एक आहे. ती काही मिशांसोबत शोभायला जन्मलेली नाही, आणि आज ना उद्या तिच्यापुढंही कुणीतरी उभं राहणार. जेवताना त्याचा घास तोंडातच फिरायचा. बायनाबाई विचारायची, "काय हुतंय?" तो म्हणायचा, "ऊन लागलंय."

उन्हाळा चढला तशी गावं मेटाकुटीला आली. टँकर यायचा तो वाटेतच संपायचा. आजूबाजूच्या चार गावांत मिळून पाणी उरलं होतं ते एका ठिकाणी, कारखान्याच्या साठवण तळ्यात. बॉयलरसाठी बांधलेलं तळं, भोवती तारेचं कुंपण. तळाशी हिरवट का होईना, पण पाणी होतं. पाडवा झाल्यावर कुजबुज सुरू झाली की बाजारच्या दिवशी माणसं गाड्या जुंपून तळ्यावर येणार.

आदल्या दिवशी अर्जुनरावांची जीप गेटावर थांबली. ते खाली उतरले नाहीत. धोंडीरामला कपाट उघडायला लावलं आणि दोन काडतुसं गहिनीनाथच्या तळहातावर ठेवली.

"गहिनी, उद्या मानसं येनार. तारेच्या आत पाय पडला की एक बार हवेत काढायचा. मानसावर न्हाई. नुसता आवाज झाला पायजे."

गहिनीनाथनं काडतुसं तशीच त्यांच्यापुढं धरली. "आबा, ती मानसं आपलीच सभासद हायत."

"मला म्हाईत न्हाई का? मीबी सभासदच हाय. पन हे तळं आटलं तर पुढल्या साली कारखाना कशावर चालवू? तुझ्या मिशांवर?" अर्जुनरावांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. सहा महिन्यांत ते म्हातारे दिसायला लागले होते. "आवाज आला न्हाई, तर परवापासून गेटावर दुसरा मानूस. तुला काय, कोयता हायच."

जीप गेली. काडतुसं तळहातावर गरम झाली, कारण मूठ उघडायची त्याला हिंमत होईना. कोयता हायच. म्हणजे बायनाबाईच्या डोक्यावर मोळी. ती नको म्हणणार नव्हती, हीच तर भीती होती. हू की चू न करता ती उठेल, पदर खोचेल आणि चालायला लागेल. रात्री त्यानं काडतुसांबद्दल तिला चकार शब्द सांगितला नाही. कशाला तिच्याही जिवाला घोर लावायचा, असं त्याला वाटलं. आजवर त्यानं केलेली सगळ्यात मोठी चूक ती हीच.

सकाळी ऊन चढायच्या आत तळ्याच्या बाजूला धुरळा उठला. गहिनीनाथ तारेच्या आत उभा होता. बंदूक दुमडून उघडायची, नळीतून उजेड दिसतो का पाहायचं आणि मग काडतुसं घालायची, असं त्याला शिकवलेलं होतं. पण धुरळा जवळ येत चालला होता, त्यानं उजेड न पाहताच काडतुसं आत सारली. तोंडावरची टोपी काढून त्यानं खिशात कोंबली.

बैलगाड्या आल्या, त्यांवर निळे प्लॅस्टिकचे ड्रम. मागून बायका, डोक्यावर घागरी. सगळ्यांच्या पुढं साखराबाई नावाची एक म्हातारी होती, शेजारच्या गावची, पांढऱ्या केसांची, हातात तांब्या. ती येऊन तारेला हात लावून उभी राहिली.

"गहिनीनाथा, बाजूला हो बाबा."

"मावशी, मागं फिरा. मला हुकूम हाय."

"कुनाचा हुकूम? हे तळं खांदायला माझा मालक राबलाय. त्याच्या नावचा शेअर हाय हितं. आमच्याच पान्याला आमीच चोर?"

"मी काय करू मावशी? मागं फिरा म्हन्तो ना!"

त्याचा आवाज ओरडल्यासारखा नाही, रडल्यासारखा निघाला. पोरंसोरं थांबली, गाड्या थांबल्या. मग दोन तरण्या गड्यांनी तार वर उचलली आणि साखराबाई खाली वाकून आत आली. तिचा पाय आत पडला. गहिनीनाथनं दुनळी आभाळाकडं केली, दस्ता खांद्यात रुतवला, तोंड नळ्यांच्या अगदी जवळ आलं. अंगठ्यानं दोन्ही घोडे मागं ओढले. खटक, खटक असा आवाज झाला आणि सगळा जमाव जागच्या जागी गप्प झाला.

तिकडं धोंडीरामला राहवलं नव्हतं. तो कारखान्यातल्या वॉचमनच्या खोल्यांकडं गेला आणि पीठ मळत बसलेल्या बायनाबाईला म्हणाला, "वैनी, आबांनी गहिनीला काडतुसं देलीत. त्यो आज बार काढनार." बायनाबाईचा चेहरा पिठासारखा झाला. ती तशीच उठली. तिला पळायचं नव्हतं, डॉक्टरनं बजावलं होतं. ती पळत सुटली.

गहिनीनाथनं चापावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले, बीडच्या मैदानावर मिटले होते तसेच.

"अवो! बार काढू नका! तिचं तोंड भरलंय!"

त्याला वाटलं, ही लोकांसाठी पदर पसरतीय. "घरी जा तू," तो डोळे न उघडता म्हणाला. मग नळीला काहीतरी ओढ बसली म्हणून त्यानं डोळे उघडले. पिठानं माखलेल्या दोन्ही हातांनी बायनाबाईनं नळ्या धरून खाली ओढल्या होत्या, आणि दुनळीच्या तोंडावर तिचा तळवा होता. मागं एक, म्होरं एक. धोंडीरामशी तो हे सहज बोलून गेला होता. चापावरचं बोट कसं काढलं ते त्याला पुढं कधीच आठवलं नाही. त्यानं घोडे एकेक करून हळूच खाली सोडले, बंदूक दुमडली, काडतुसं जमिनीवर पडू दिली आणि नळ्या आभाळाकडं धरून मागून पाहिलं.

एवढं ऊन होतं, पण आत उजेडाचा कवडसाही नव्हता. दोन्ही नळ्यांत अंधार.

"काय हाय आत?"

बायनाबाई खाली बसली होती. तिला धाप लागली होती. "ऊस हाय. न्हानीच्या पान्यावर एक ऊस जगवलता मी. औंदा कारखान्यात मोळी पडली न्हाई, मला कसंतरीच झालं. उपाशी तोंडानं सीझन कसा जायचा? म्हनलं, हिच्या तोंडात तरी पडू द्या. त्याच्या दोन कांड्या केल्या, पळीच्या दांड्यानं आत सारल्या, वरून घटाची माती लावली. एका नळीत तुमची, एका नळीत माझी. एक कोयता." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "ही कधीतरी उडतीबी, हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं वो. मला वाटलं, ही नुसती उभी असती."

कुणी हसलं नाही. जमावात एक-दोन फौजेतून आलेले गडी होते. त्यांना कळलं होतं की ही बंदूक आभाळात उडाली नसती, धरणाऱ्याच्या तोंडावर फुटली असती. गहिनीनाथलाही कळलं. तो बायकोच्या शेजारी मातीत बसला. साखराबाई त्याच्याजवळून पुढं गेली, तळ्यात वाकली आणि तांब्या भरून पहिल्यांदा त्यालाच आणून दिला. तो घटाघटा प्यायला. मग गाड्या आत आल्या, आणि दुपारपर्यंत तळ्यावर ड्रमांचा आवाज चालू होता.

संध्याकाळी अर्जुनराव आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी स्वतः नळ्या डोळ्याला लावून पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या. "देवानं वाचवलं तुला," ते म्हणाले. "आजचं सोड. तळ्यात अजून थोडं पानी हाय. उद्या बीडला जाऊन साफ करून आन. परवा परत येनार मानसं."

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ दुनळी गोणपाटात गुंडाळून एस. टी. त बसला. बीडला साफ करणाऱ्याचं दुकान होतं, काम घटकाभराचं. पण गाडी जसजशी पुढं जात होती तसतसा त्याचा जीव टांगणीला लागला. कालपर्यंत ही बंदूक फक्त त्यालाच मारू शकत होती. बीडहून परत येईल तेव्हा ती मागच्याला राखेल आणि पुढच्याला मारेल, जशी जगातली दुसरी कुठलीही बंदूक. आज हवेत, उद्या कुणाचा धक्का लागला, कुणी नळी ओढली तर? पुढं कोण असेल? साखराबाई? का पुन्हा पीठ लागलेले ते हात?

मांजरसुंब्याला गाडी चहाला थांबली. सगळे परत चढले, कंडक्टरनं घंटी मारली. गहिनीनाथ धाब्यावरच बसून राहिला. तिथं ओळखीचा हरिबा मुकादम भेटला. त्याच्याशी तो थोडा वेळ बोलला, मग रस्ता ओलांडून उलट्या गाडीत बसला.

कारखान्याच्या ऑफिसात त्यानं दुनळी धोंडीरामच्या टेबलावर ठेवली, परवाना ठेवला, खाकी टोपी ठेवली. धोंडीराम म्हणाला, "साफ केली न्हाईस बे?" त्यानं मान हलवली. त्या दिवशी जगातल्या त्या मोठाल्या कारखान्यांतून किती बंदुका तयार होऊन बाहेर पडल्या असतील कुणास ठाऊक. ही एक मात्र तयार व्हायची राहिली.

घरी बायनाबाई वाट पाहत होती. "झाली साफ?"

"न्हाई. हाफिसात ठिवून आलो, हुती तशी."

"आन नौकरी?"

"हरिबाला सांगून आलोय. दिवाळी झाली की मी एकटा जातो. अर्धा कोयता."

बायनाबाईनं माळ्यावरून कोयता काढला. खंडेनवमीची हळद त्याला अजून चिकटलेली होती. ती चुलीतली राख घेऊन तो घासायला बसली.

"अर्ध्या कोयत्याची मोळी कोन उचलनार?"

"मीच. तोडीन मी, बांधीन मी, उचलीन मी. तू हितंच ऱ्हा."

"येकट्यानं फडात राबून येऊन भाकरी कवा थापनार?" ती मान वर न करता म्हणाली. "मी येते. उचलनार न्हाई काय, नुसती सैपाकाला येते."

गहिनीनाथनं चुलीतली आणखी राख तिच्यापुढं सारली. ती नुसती स्वयंपाकाला येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.